थोरलीचे पाय आणि धाकट्याची मान

गुरुवारी सोमाटणे फाट्यावरून शिरगावच्या रस्त्याला वळलं, की प्रतिशिर्डीला निघालेली कुटुंबं दिसू लागतात. शिर्डीच्या धर्तीवर बांधलेलं साईबाबांचं मंदिर ही आता या पवनाकाठच्या गावाची ओळख झाली आहे. गाडी लावून मंदिराकडे चालणाऱ्या या गर्दीत एक कुटुंब हमखास असतं. आईच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं चार-सहा महिन्यांचं बाळ, बाबांच्या कडेवर अडीच-तीन वर्षांची थोरली आणि आजीच्या हातात बाटल्या, लंगोट, टोपरी यांनी फुगलेली पिशवी. थोरली हट्टाने खाली उतरते, वीस पावलं पळते आणि एकविसाव्या पावलाला दोन्ही हात वर करते. तिला पुन्हा उचललं की दुसऱ्या खांद्यावरचं बाळ जागं होतं.

अशा घरात कधी ना कधी दोघांच्या बाबागाडीचा विषय निघतो. मावळातल्या तळेगाव, सोमाटणे, गहुंजे या पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी तिथे राहायला आली. भाताच्या खाचरांच्या शेजारी पेव्हर ब्लॉकचे रस्ते आणि लिफ्ट आल्या, आणि त्यांच्यासोबत बाबागाड्याही आल्या. एका मुलाची गाडी आता नवलाची राहिलेली नाही. दोन मुलांची गाडी मात्र अजून थोडी बिचकतच घेतली जाते, आणि ते साहजिक आहे. ती महाग असते आणि जागा अडवते. चुकीची निवडली, तर महिनाभरात गच्चीच्या जिन्याखाली जाऊन बसते.

मराठी घराला मूल वाहून नेण्याची साधनं नवी नाहीत. घरात पाळणा, शेतावर बांधाच्या झाडाला झोळी, वाटेत कडेवर किंवा पाठुंगळी, आणि पाय फुटले की सुताराने करून दिलेला तीन चाकांचा पांगुळगाडा. या प्रत्येक साधनाला त्याचं वय ठरलेलं होतं. पाळण्यातलं मूल पांगुळगाड्यात कोणी बसवत नसे आणि पांगुळगाडा ढकलणाऱ्याला झोळीत कोणी निजवत नसे. दोघांच्या बाबागाडीची खरी अडचण इथेच आहे. एकाला झोळी हवी आणि दुसऱ्याला पांगुळगाडा, अशा दोन वयांना एकाच सांगाड्यावर बसवायचं असतं.

बाबागाडीचा जन्म अर्थातच आपल्याकडचा नाही. 1733 मध्ये विल्यम केंट या इंग्रज वास्तुकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली. ती बकरीने किंवा तट्टाने ओढायची होती. पुढे ओढण्याच्या गाड्या जाऊन ढकलण्याच्या गाड्या आल्या. 1889 मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसनने अशा गाडीचं पेटंट घेतलं, ज्यातलं बाळ आईकडे किंवा रस्त्याकडे, हवं तिकडे तोंड करून ठेवता येई. तरीही गाडी जडच राहिली. ती हलकी केली ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. विमान उडालं की त्याची चाकं मिटून पंखांत जातात. नातीची बोजड गाडी पाहिल्यावर मॅक्लारेन यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन छत्रीसारखी मिटणारी गाडी आखली. 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि 1967 मध्ये गाडी बाजारात आली. वजन जेमतेम तीन किलो. आज पुण्यातल्या कुठल्याही दुकानात जी मिटणारी बाबागाडी दिसते, तिच्यामागे विमानाच्या चाकांची ही युक्ती आहे.

आता हिशेब वयांचा, कारण दुकानात जाण्याआधी तोच करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की एका बाळंतपणानंतर पुढचं गरोदरपण किमान 24 महिन्यांनी यावं. तो पाळला तर दोन भावंडांमध्ये पावणेतीन वर्षांचं अंतर पडतं. म्हणजे धाकट्याच्या बारशाला थोरली जवळपास तीन वर्षांची असते. ती चालते, पळते, जिना चढते, फक्त लवकर दमते. तिला गाडीची गरज आणखी वर्ष-दीड वर्ष, तीही लांबच्या फेरीला किंवा झोपेच्या वेळेला. दोन मुलांत दीड वर्षाचंच अंतर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थोरलं मूल स्वतःच अजून डुगडुगत असतं आणि दोघांची गाडी दोन-अडीच वर्षं रोज लागते. जुळ्यांच्या घरी तर हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच असतो. त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगमधल्या जुळ्यांच्या आईने दिलेला सल्ला पावणेतीन वर्षांच्या अंतराच्या घराला लागू पडेलच असं नाही. त्या दोन घरांच्या गरजाच निराळ्या.

वजनाचाही हिशेब मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे सहा महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन 7.9 किलो आणि तीन वर्षांच्या मुलीचं 13.9 किलो असतं. दोघांचं मिळून जवळपास 22 किलो. दोघांची गाडी स्वतः साधारण 12 ते 16 किलोची. खाली पिशवी न ठेवताही ढकलणाऱ्याच्या हातात साधारण 36 किलो येतात. सपाट फरशीवर हे जाणवत नाही. बारा फुटांना एक फूट चढणाऱ्या सौम्य उतरंडीवर नुसतं जागच्या जागी धरून ठेवायलाही तीन किलोचा जोर लागतो, आणि सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प याहून बराच उभा असतो. आजी-आजोबा दुपारी नातवंडांना फिरवणार असतील, तर हा आकडा त्यांच्या मनगटांसाठी आहे, हे विसरू नये.

थोरल्या मुलाच्या वजनाची आणखी एक बाजू आहे. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन 1888 हे मानक आहे. त्याचा पहिला भाग 15 किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांचा आणि दुसरा 15 ते 22 किलोच्या मुलांच्या गाड्यांचा. तीन वर्षांचं मूल 14 किलोच्या घरात असतं. म्हणजे 15 किलो मर्यादेची सीट घेतली, तर थोरली त्यात काही महिनेच बसणार. खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. गाडीचा रंग पाहण्याआधी तो वाचावा.

पण सगळ्यात आधी पाहायची ती धाकट्याची मान.

नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड, आणि मानेचे स्नायू कच्चे. साधारण चार महिन्यांनी मान धरते, सहा-सात महिन्यांनी बाळ बसू लागतं. त्याआधी त्याला अर्धवट उभ्या सीटमध्ये बसवलं, तर डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि बारीकशी श्वासनलिका दुमडते. रडूही न येता श्वास कोंडण्याचा हा धोका आहे. म्हणून त्याच युरोपीय मानकाप्रमाणे पाठ आणि बैठक यांच्यातला कोन 150 अंशांपेक्षा कमी असेल, तर सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ती सीट योग्य नाही, अशी सूचना गाडीवर लिहावी लागते. 180 अंश म्हणजे सपाट गादी. 150 अंश म्हणजे उशी किंचित उंच केल्यासारखं. दोघांच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांत दोन्ही सीट सारख्याच असतात आणि दोन्ही जेमतेम मागे झुकतात. त्या एक वर्ष आणि तीन वर्षांच्या भावंडांना चालतील, दोन महिन्यांच्या बाळाला चालणार नाहीत. दुकानदार ‘पूर्ण झोपते हो’ म्हणाला, तर सीट तिथेच पाडून तिच्यात एक बाटली आडवी ठेवून पाहावी. बाटली पायाकडे घरंगळली, तर सीट सपाट नाही.

गाडीत डोळा लागलेलं बाळ घरी आल्यावर तसंच गाडीत झोपू द्यायची सवयही टाळायला हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: रोजच्या झोपेसाठी बाबागाडी किंवा कारची सीट वापरू नये, बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात मुलाला एका वेळी एक तासापेक्षा जास्त बाबागाडीत किंवा पाठीवर बांधून ठेवू नये असं म्हटलं आहे. हे तीन वर्षांच्या थोरलीलाही लागू आहे, आणि तिच्या बाबतीत ते जास्त मोडलं जातं. गाडी आली की तिचे पाय बंद होतात.

आता गाडीचे प्रकार. पहिला, दोन सीट शेजारी-शेजारी. दुसरा, एकामागे एक किंवा एक वर एक खाली. तिसरा, एका मुलाची गाडी जी जोडसीट लावून दोघांची करता येते. चौथा प्रकार खरं तर गाडी नव्हेच: एकाच्या गाडीमागे अडकवायची चाकांची फळी, जिच्यावर थोरलं मूल उभं राहतं.

शेजारी-शेजारीच्या गाडीत दोघांना सारखं दिसतं, थोरली धाकट्याचा हात धरू शकते, भांडूही शकते. वळवायला ती सोपी, कारण वजन मागच्या चाकांजवळ असतं. अडचण रुंदीची. अशा गाड्या साधारण 75 ते 80 सेंटीमीटर रुंद असतात. नेदरलँड्सच्या बुगाबू कंपनीची डॉंकी ही गाडी या रुंदीवरच्या विचारामुळे नावाजली: एका मुलासाठी 60 सेंटीमीटर, दुसरं आलं की सांगाडा बाजूला सरकवून 74. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांनी 1 मे 2019 पासून 79 सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि 132 सेंटीमीटरपेक्षा लांब गाड्यांना आत येणं बंद केलं. तिथले रस्ते आपल्या बोळांहून कितीतरी ऐसपैस, तरीही.

मावळातल्या सोसायटीत हा प्रश्न लिफ्टच्या दाराशी सुटतो किंवा अडतो. भारतीय मानकाप्रमाणे सहा जणांच्या, म्हणजे 408 किलोच्या लिफ्टचं दार साधारण 70 सेंटीमीटरचं आणि आतली खोली एक मीटर. आठ जणांच्या, 544 किलोच्या लिफ्टचं दार 80 सेंटीमीटर, खोली 110. आता गंमत पाहा. शेजारी-शेजारीची 75 सेंटीमीटरची गाडी सहा जणांच्या लिफ्टच्या दारातूनच आत जात नाही. एकामागे एक सीटची गाडी दारातून सहज जाते, कारण तिची रुंदी एका मुलाच्या गाडीइतकीच, पण ती असते 115-125 सेंटीमीटर लांब, म्हणून लिफ्टचं दार मिटत नाही. आठ जणांच्या लिफ्टमध्ये पहिली दोन-दोन सेंटीमीटर वाचवून आत जाते आणि दुसरी तिरकी करून बसवावी लागते. लिफ्टच्या आतल्या पाटीवर माणसं आणि किलो लिहिलेले असतात. ते वाचून, मोजपट्टीने दार मोजून मगच दुकानात जावं. त्याच मोजपट्टीने घराचं मुख्य दारही मोजावं, आणि तेही दार पूर्ण उघडून, सेफ्टी डोअरसकट.

एकामागे एकच्या गाड्या बाजारात, बसथांब्यावर, औषधाच्या दुकानात सोयीच्या. पण मागच्या मुलाला समोर भावंडाच्या सीटची पाठ दिसते. खालच्या सीटवरच्या मुलाचे पाय लांब होत नाहीत. गाडी लांब असल्यामुळे खड्डा चुकवायला मोठं वळण घ्यावं लागतं. न्यूझीलंडच्या काही गाड्यांत धाकट्याची सीट मागच्या चाकांच्या मधोमध, पार खाली असते. ती बांधणी आटोपशीर आहे, मात्र खालच्या मुलाला वारा कमी आणि धूळ जास्त, हे मावळच्या रस्त्यावर लगेच लक्षात येतं.

धूर हा इथला मोठा मुद्दा आहे. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातले प्राध्यापक प्रशांत कुमार यांच्या गटाने बाबागाडीतल्या मुलांच्या श्वासातल्या प्रदूषणावर बरंच काम केलं आहे. गाडीतल्या मुलाचं नाक जमिनीपासून साधारण अर्धा ते पाऊण मीटरवर असतं आणि वाहनांची धुराडीही जमिनीपासून मीटरभराच्या आतच असतात. त्यांच्या 2018 च्या आढाव्याप्रमाणे अशी मुलं मोठ्या माणसांपेक्षा 60 टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा घेतात. पुढच्या एका अभ्यासात गाडीवर आवरण टाकल्यावर सूक्ष्म कण 39 टक्क्यांपर्यंत कमी झाले. ज्या घराला जुन्या पुणे-मुंबई महामार्गाच्या कडेने किंवा सोमाटणे फाट्याच्या गर्दीतून जावं लागतं, त्याने खालच्या सीटच्या गाडीचा विचार दोनदा करावा. सीट जितकी उंच, तितकी हवा बरी.

आवरण मात्र जपून. उन्हाची तिरीप लागते म्हणून गाडीवर दुपटं किंवा ओढणी टाकायची रीत सगळीकडे आहे. 2014 मध्ये स्वीडनमधल्या एका वृत्तपत्राने उन्हात गाडी ठेवून तापमान मोजलं. उघड्या गाडीत 22 अंश, पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात 34 आणि तासाभरात 37. कापड हवा अडवतं आणि आतली ऊब साचते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांना उलट असं दिसलं की तलम कापड ओलं करून टाकलं आणि गाडीला छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान जवळपास पाच अंशांनी उतरतं. माठाला ओलं फडकं गुंडाळणाऱ्या आजीला हे वेगळं सांगावं लागणार नाही. मात्र कापड वाळलं की ते पुन्हा ओलं करायला हवं, आणि जून उजाडला की ही युक्ती संपते. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही.

जूननंतर मावळात प्रश्न पावसाचा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शिरगावात तितका नाही, तरी पुण्याहून जास्त. दोघांच्या गाडीचं पावसाचं आवरण त्याच कंपनीचं, त्याच गाडीचं असावं लागतं. बाजारात मिळणारं एका सीटचं आवरण दोन सीटना पुरत नाही आणि प्लॅस्टिकचा तुकडा चिमट्यांनी लावला, तर हवेला वाटच उरत नाही.

पावसाच्या सोबत चिखल येतो, आणि चिखलात चाकांचं गणित कळतं. समजा रस्त्यात तीन सेंटीमीटरचा उंचवटा आहे, पेव्हर ब्लॉक वर आलेला. पुढच्या चाकावर दहा किलो भार आहे. चाक बारा सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर ते त्या उंचवट्यावर चढायला 17 किलोचा आडवा जोर लागतो. चाक तीस सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर साडेसात किलो. उंचवटा तोच, भार तोच, पण चाकाच्या आकाराने जोर निम्म्याहून कमी होतो. बैलगाडीचं चाक पुरुषभर उंच का असे, त्याचं उत्तरही हेच. दुकानातली लखलखीत फरशी हे गणित लपवते, कारण तिथे बारा सेंटीमीटरची चाकंही लोण्यासारखी फिरतात. 1984 मध्ये अमेरिकेतल्या फिल बेक्लर या पत्रकाराने मुलाला घेऊन पळता यावं म्हणून सायकलची चाकं लावलेली तीनचाकी गाडी केली, आणि मोठ्या चाकाच्या बाबागाड्यांचं नवं घराणंच सुरू झालं. शिरगावच्या पवनाकाठच्या वाटेला त्याच घराण्यातली गाडी हवी. फक्त तिचा घडी केल्यावरचा आकार मोठा असतो.

उंचवटा आला की आपण दांडा खाली दाबून पुढचं चाक उचलतो. शेजारी-शेजारीच्या गाडीत हे जमतं. एकामागे एकच्या गाडीत पुढे चौदा किलोची थोरली बसलेली असते आणि गाडी लांब असते, त्यामुळे दांड्यावर भलताच जोर द्यावा लागतो. म्हणून अशा गाडीत शक्यतो जड मूल मागे, हलकं पुढे. पण कंपनीने कुठल्या सीटवर कुठलं वय सांगितलं आहे, ते आधी पाहावं.

आणि पायऱ्या? त्यांच्यापुढे सगळ्या गाड्या सारख्याच. शिरगावजवळच्या टेकडीवरच्या 72 फुटी बिर्ला गणपतीपर्यंत पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. कार्ल्याच्या एकवीरेला त्याहून जास्त. लोहगड तर विचारूच नका. मावळातल्या सहलींची निम्मी ठिकाणं अशी आहेत, जिथे गाडी पायथ्यालाच ठेवावी लागते आणि मूल पुन्हा कडेवर येतं.

वाहनांचंही पाहायला हवं. पुण्याच्या आसपास ज्यांच्याकडे सीएनजीची कार आहे, त्यांच्या डिकीत टाकी बसलेली असते. दोघांच्या गाडीची घडी तिथे मावत नाही, ती मागच्या सीटवर येते, आणि मग मुलांच्या सीटना जागा उरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलांना कारमध्ये पट्टा किंवा मुलांची सीट न लावल्यास 1000 रुपये दंड आहे; दंड सोडा, मुलांचा जीव त्यावर आहे. डिकी मोजताना मुलांच्या दोन सीट कारमध्ये बसवूनच मोजावी. दुचाकीवर तर बाबागाडीचा विचारच नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना शिरस्त्राण आणि चालकाला बांधणारा पट्टा लावायचा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवायचा, असा नियम 2022 मध्ये आला. त्याहून लहान बाळाला झोळीत बांधून स्कूटरवर नेणं हा जिवाशी खेळ आहे.

लोकलचं सांगायचं, तर पुणे-लोणावळा लोकलमध्ये तळेगावहून चढताना थांबा क्षणाचा असतो. दोघांची उघडी गाडी घेऊन चढणं अवघड. एकाने मुलं घ्यावीत, दुसऱ्याने गाडी मिटून उचलावी, म्हणजे दोन माणसं हवीतच. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांना बस-ट्रेनमध्ये थेट गाडी चढवण्याची सवय असते. पण लंडनच्या बसमध्येही चाकांच्या खुर्चीवरचा प्रवासी आला, तर बाबागाडीवाल्यांनी जागा द्यायची असते. 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डग पॉली या प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला, तो याच जागेवरून. ज्या गाडीची घडी एका हाताने होत नाही, तिच्या मालकाची तिथेही पंचाईत होते.

फलाटावर आणि उतारावर ब्रेक ही पहिली गोष्ट. ऑक्टोबर 2009 मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर आईचा हात क्षणभर सुटला आणि बाळासकट गाडी घरंगळत रुळांवर, येणाऱ्या गाडीसमोर गेली. बाळ आश्चर्यकारकरीत्या वाचलं. दोघांच्या गाडीचं वजन जास्त, म्हणून ती घरंगळली तर थांबवणं आणखी कठीण. मनगटात अडकवायचा पट्टा असेल, तर तो शोभेचा समजू नये. ब्रेक एका पायाने दोन्ही चाकांना लागतो का, चपलेने लागतो का, हेही दुकानात पाहावं. काही ब्रेक बुटाच्या टोकाने वर उचलायचे असतात आणि आपल्याकडे बायका चपला घालूनच बाहेर पडतात.

मिटणाऱ्या गाडीची बिजागरी हा दुसरा धोका. नोव्हेंबर 2009 मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्या बिजागरीवर झाकण बसवण्यासाठी परत मागवल्या गेल्या. मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. दोघांच्या गाडीत बिजागऱ्या दुप्पट आणि एक मूल हिंडतं. गाडी उघडताना-मिटताना थोरली हातभर लांब उभी हवी. तिला ते काम म्हणून सांगितलं, ‘तू धाकट्याचं टोपरं धर’, तर ती धरते.

दांड्याला पिशव्या लटकवायचा मोह सगळ्यांना होतो, भाजीची पिशवी तर हमखास. थोरली खाली उतरली, की सीटवरचा भार घटतो आणि पिशवीसकट गाडी मागे कलंडते. सामान खालच्या जाळीत ठेवावं, आणि आधी थोरलीला नव्हे, धाकट्याला उचलावं.

एवढा सगळा हिशेब मांडल्यावर शिरगाव-सोमाटण्याच्या घरासाठी एक मत स्पष्टपणे मांडायला हवं. दोन मुलांत अडीच वर्षांहून जास्त अंतर असेल, तर बहुतेकांना दोघांची गाडी लागत नाही. एका मुलाची चांगली, मोठ्या चाकांची, सपाट होणारी गाडी आणि सोबत अंगाला बांधायची झोळी, हा जोड जास्त उपयोगी पडतो. थोरली दमली की ती गाडीत, धाकटा आईच्या किंवा बाबांच्या छातीशी. थोरली पळू लागली, की धाकटा गाडीत. पायऱ्या आल्या, की गाडी पायथ्याला आणि झोळी वर. लिफ्ट, डिकी, लोकल, सगळ्यांत हा जोड मावतो. थोरली उभं राहण्याच्या फळीवर रमली, तर तीही लावावी. मात्र ती फळी सपाट रस्त्यावरच, आणि ढकलणाऱ्याची पावलं फळीला आपटतात, हे आधी माहीत असावं.

झोळीचे नियम आपल्या आज्यांना सवयीने माहीत होते, आता ते सांगावे लागतात. बाळ घट्ट, उंचावर, आईने मान खाली घातली तर त्याच्या टाळूवर ओठ टेकतील इतकं वर. चेहरा सतत दिसायला हवा. हनुवटी छातीपासून निदान बोटभर दूर. पाठीला आधार. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये चार महिन्यांखालच्या बाळांच्या झोळ्यांबाबत सावधगिरीचा इशारा दिला, तो सैल, बाळ खाली लोंबकळणाऱ्या झोळ्यांमुळे. शेतावरची झाडाला बांधलेली झोळी आणि चालताना अंगावर घेतलेली झोळी यांत हा फरक आहे. पहिलीत बाळ झुलतं, दुसरीत ते चिकटून असायला हवं.

अंतर दोन वर्षांच्या आत असेल किंवा जुळी असतील, तर मात्र दोघांची गाडी घ्यावी, आणि लिफ्ट परवानगी देत असेल तर शेजारी-शेजारीची. दोन्ही सीट वेगवेगळ्या मागे झुकणाऱ्या, एक तरी पूर्ण सपाट होणारी, पट्टा पाच टोकांचा, म्हणजे दोन खांदे, दोन कंबर आणि एक पायांमधून येणारा. पोटावरच्या नुसत्या एका पट्ट्यातून दोन वर्षांचं मूल घसरून निघतं. अशी गाडी भारतीय कंपन्यांचीही मिळते. मुलांच्या वस्तूंची मोठी बाजारपेठ उभी करणारी फर्स्टक्राय ही कंपनी तर 2010 मध्ये पुण्यातच सुरू झाली. तरी या वस्तूचं छायाचित्र पाहून मागणी नोंदवू नये. ओळखीच्या घरातली गाडी तासभर मागून आणावी, दोन्ही मुलं बसवून आपल्याच फाट्यापर्यंत एक फेरी मारावी.

ओळखीच्या घरातली मिळण्याची शक्यता हल्ली बरीच आहे. अमेरिकेहून परतणारी भाचेमंडळी गाड्या घेऊन येतात, वर्ष-दीड वर्षात त्या मोकळ्या होतात आणि सोसायटीच्या गटावर विक्रीला लागतात. वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा काही नाही, आणि जी वस्तू इतकी कमी दिवस लागते, ती वापरलेलीच घेणं शहाणपणाचं. घेताना उघडून कुलूप लागल्याचा आवाज येतो का ऐकावं, मग दांडा जोरात दाबावा. चाकं उलटी करून आसाजवळचा गंज पाहावा, मावळच्या पावसात तो दोन पावसाळ्यांत धरतो. पट्ट्यांची शिवण बोटाने ताणून पाहावी, कुलपाचं बटण एका अंगठ्याने दाबावं. ब्रेक लावून रॅम्पवर वीस किलोचा तांदूळ ठेवून पाहावा. आंबेमोहोर असो की इंद्रायणी, मावळात पोत्याची वानवा नाही. आणि पावसाचं आवरण सोबत मागून घ्यावं. जुन्या गाडीचं ते सुटं मिळत नाही.